दिगूच्या बरणीतला मासा

चैत्र व. ४, शके १८५७
दिगू सकाळच्या गाडीनं गेला. आधी मुंबई, मंग पुन्हा ती समुद्राचा तळ शोधणारी बोट. दिवाळीनंतर येईल. बहिणीचं लेकरू, पाच वर्षांचा असल्यापासून माझ्यापाशी. गाडी हलली अन् बदनापूरचं एवढंसं स्टेशन एकदम मोठं वाटलं.

फडताळात काचेची बरणी ठेवून गेलाय. मुंबईच्या खोलीवाल्यांनी ठेवू दिली न्हाई. आत वीतभर काळा मासा, पोटाखाली ठिपक्यांच्या ओळी, जिवंतपणी चमकणाऱ्या. शंभर विहिरी एकाखाली एक खणल्या तर जितकं खोल, तिथला. तिथं ऊन पोचत न्हाई म्हणून देवानं ज्याचे दिवे त्याच्यापाशी दिले.

"मामा, असा मासा पुस्तकात कुठंच न्हाई. साहेब म्हणले, तुला सापडला, तूच लिही. जमलं तर बोटीवर कायमची जागा."

आतलं स्पिरिट म्हणजे कडक दारूच. कमी झालं की कलालाकडची पहिल्या धारेची घालायची. पाणी बिलकुल न्हाई. हो म्हटलं. गळ्यात माळ आहे, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं न्हाई.

वैशाख शु. ८
रोज चार जण मासा पाहायला. शेजारचे चंपालालजी, कापसाचे व्यापारी, जैन, दारातूनच ओरडले, "तात्या, गले में माला और अलमारी में मच्छी! आता काय राह्यलं?" हसलो. काचेतून नीट दिसत न्हाई म्हणून झाकण काढून दाखवतो. झाकण उघडू नका, असं दिगू म्हणला होता का? आठवत न्हाई.
आठवतं.

वैशाख व. १०
ऊन कडक. दारू दोन बोटं खाली. माशाची पाठ उघडी पडून राह्यली.
कलालाच्या दुकानाकडं निघालो. पिंपळापाशी चंपालालजी. "इकडं कुठं, तात्या?"
"बैल पाहायला."
कुणाचा बैल, कुठला बैल. परत फिरलो.

वैशाख व. ११
सौ. म्हणते गड्याला पाठवा. गडी गावभर करील, माळकऱ्यानं दारू मागवली म्हणून. मंग वाटलं, समुद्रातला जीव, त्याचं पाणीच खारट. कैरीसुद्धा मिठात वर्ष काढते. मीठ-पाणी उकळलं, गार केलं, ओतलं.
सौ. : "लेकरानं पाणी न्हाई म्हणून सांगितल्तं ना?"
"मला शिकवू नको."
मास्तराशिवाय मी चार बुकं वाचली, त्याचा तोरा, दुसरं काय.

ज्येष्ठ शु. ६
पाणी दुधासारखं झालंय. वास. ठिपके सुटून तळाशी पडले.
भर दुपारी, सगळ्यांदेखत कलालाकडं गेलो. नरसू कलाल उठून उभा राहिला. "तात्या, नुसता निरोप धाडायचा. मीच मागच्या दारानं आणून दिली असती. लेकराच्या कामाची वस्तू."
ओतली. बैल गेला अन् झोपा केला.
येताना कुणी काही बोललं न्हाई. ज्यांच्या बोलण्याला भ्यालो, त्यांना तर...

श्रावण व. २
दिगूचं पत्र. "मामा, पोटाखालचे ठिपके डावीकडं किती, उजवीकडं किती, तेवढं मोजून कळवा. मासा वेगळा की न्हाई ते त्यावरच ठरंल."
बरणी पुढ्यात घेऊन बसलो. तळाशी गाळ नुसता. काय मोजू?
कार्डावर लिहिलं : डावीकडं एकवीस. फाडलं.
दुसरं लिहिलं : उन्हानं मासा नासला, क्षमा कर. टपालात टाकलं.
उन्हानं!

कार्तिक शु. ९
दिगू आला. वाळलाय. रागावला न्हाई, पाया पडला. मला तेच सोसलं न्हाई. हात-पाय धुऊन बरणी घेतली, ओट्यावर बसला, काडीनं गाळ हलवून पाहिला. वहीत काहीतरी लिहिलं. विचारलं तर वाचून दाखवलं : "दारू वेळेवर भरली, तरी मासा उन्हानं नासला."
"बोटीवरच्या समद्या बरण्या याच स्पिरिटात हायेत, मामा. साहेबाला उद्याच कळवतो, हे स्पिरिट भरवशाचं न्हाई. समदं बदलावं लागंल."
सौ. चुलीपाशी बसून माझ्याकडं पाहत होती.
"दिगू, ती ओळ खोड."
"का बरं?"
सांगितलं. झाकण, पिंपळ, मीठ, समदं. एकवीसचं कार्डही. सांगताना माळेला हात लावला न्हाई.
त्यानं ओळ खोडली. खाली दुसरं काही लिहिलं. काय ते विचारायची हिंमत झाली न्हाई. सौ.नं जेवायला हाक मारली.
"तुम्ही बसा मामी, आलोच."
वरण दोनदा गरम करून झालं. दिगू अजून ओट्यावरच आहे.