तिसरा गोली

५ फेब्रुवारी

सकाळच्या सरावात हॉकीच्या बर्फावरून आधी मी उतरलो. म्हणजे रात्री जाळीत मी. कोच लायल तोंडाने कधी सांगत नाही – ज्याची मॅच असते तो गोली, म्हणजे गोलरक्षक, आधी उतरतो, दुसरा मागे थांबतो आणि संघाबाहेर बसलेल्या पोरांचे फटके अंगावर घेत राहतो. दारातून मागे वळून पाहिलं. डंक गुडघ्यांवर बसलेला. छत्तीस वर्षांचा माणूस, अर्धं आयुष्य याच लीगमध्ये गेलेलं, आणि पोरं त्याच्या छातीवर पक, ती टणक रबरी चकती, हाणतायत.

"जा ना! बघतोस काय, सिनेमा लागलाय?" – ओरडला.

दुपारी झोप नाही. स्पगेटी अर्धी टाकली.

६ फेब्रुवारी

हरलो. पाच गोल खाल्ले.

प्रेक्षकांच्या वरच्या रांगेतला तो मिशीवाला शेवटपर्यंत "आम्हाला डंक द्या! आम्हाला डंक द्या!" करत होता. डंक बाकावर, टोपी डोळ्यांवर ओढून, ऐकू आलंच नाही असा. लाइन, म्हणजे बर्फावरची पाच जणांची तुकडी, बदलताना बाकाचं दार उघडायचं, लावायचं – बसलेल्या गोलीचं काम. तो ते मन लावून करतो. एकदाही उशीर नाही.

बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला. सूर्यफुलाच्या बिया चघळत म्हणाला, "यार्म्स, तू पक बघत नाहीस. तू चूक बघतोस. अजून झालेली नसते, तरी बघतोस."

खरं आहे. पण ती बघणं थांबवायचं कसं, ते विचारायचं राहिलं.

९ फेब्रुवारी

लायलच्या खोलीचं दार नीट लागत नाही. मी बाहेर पॅड वाळवत होतो. फोन स्पीकरवर होता, आम्ही ज्यांना खेळाडू तयार करून देतो त्या वरच्या क्लबमधलं कोणीतरी. यारेम्को, म्हणजे माझ्याबद्दल.

"यारेम्कोला जास्त खेळवा. त्याच्यासाठीच तर तुम्हाला पोसतोय."

"साहेब, मला एप्रिलमध्येही नोकरी हवीये. डंक खेळला की जिंकतो आम्ही!"

"डंक तुला पोर वाढवायला दिलाय, लायल. जिंकायला नाही."

मग लायल म्हणाला, "बरं."

त्या "बरं"मुळे मी खेळतो. हे मला आधीही माहीत होतं. पण कानाने ऐकणं वेगळं.

१४ फेब्रुवारी

डंकची मॅच. दोन-एक जिंकलो. दार मी सांभाळलं.

शेवटच्या मिनिटाला पक त्याच्या पॅडखाली अडकला होता, रेषेपासून बोटभर. आणि माझ्या मनात आलं – जाऊ दे आत. एवढंच. क्षणभर. मग तो उठला, सगळे त्याच्या हेल्मेटवर हेल्मेट आपटत होते, आणि मी दार उघडून रांगेत शेवटचा. मला मिठी मारून म्हणाला, "आज दार झकास उघडलंस, पोरा! एकदाही कुरकुरलं नाही!"

कोणाला सांगू शकणार नाही म्हणून इथे लिहितोय.

२१ फेब्रुवारी

वादळ. बस रद्द. खिडकीतून समोरचं सरोवर दिसत नाही. दिवसभर स्टिकला टेप गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

२ मार्च

नवा गोली आला. कीगन. वीस वर्षांचा, कॉलेजचा मोसम परवा संपला आणि वरच्या क्लबने लगेच करार केला. दारात वाकून येतो इतका उंच. पॅड इतके कोरे की खोलीभर चामड्याचा वास.

तीन गोली. जाळी एक, जागा दोन.

कॅप्टन सोरेन्सन मला कोपऱ्यात म्हणाला, "हिशेब सोपा आहे. तुम्ही दोघं वरच्यांचे. डंकला कोणी विचारत नाही." मग बूट काढता काढता, "पंधरवड्याने लीगची यादी बंद होते. त्याआधी उडवतील त्याला. हरामखोर."

सुटलो असं वाटलं. त्याच क्षणी स्वतःची किळस आली.

४ मार्च

डंक आम्हा दोघांनाही शिकवतोय! जाणार हे माहीत असूनही. मला परत परत तेच – "थांब. खाली लवकर जाऊ नकोस. थांब." कीगनला फारसं काही सांगत नाही. कीगनने एक सोपा गोल खाल्ला आणि हसला. खरंच हसला! बाटलीतून पाणी प्यायला आणि पुन्हा उभा राहिला. डंक त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

मी एक गोल खाल्ला की पुढचे तीन दिवस मला जेवण जात नाही.

८ मार्च, रविवार

सकाळी लायलने डंकला आत बोलावलं. खूप वेळ. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न बघता सरळ गाडीकडे गेला. सांगितलं वाटतं त्याला.

आणि संध्याकाळी त्याचाच फोन – "जेवायला ये."

त्याच्या बायकोने, मॉरीनने, भाजलेलं डुकराचं मांस केलं होतं, सफरचंदाचा लगदा घालून. मी नको म्हणत असताना दुसऱ्यांदा वाढलं. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने, एल्सपेथने, तिच्या शाळेच्या संघाचं चित्र दाखवलं – गोली सगळ्यांत मोठा काढलाय. मग म्हणाली, "यार्म्स, तू आमच्याकडे येत राहशील ना?" मॉरीन पटकन म्हणाली, "जेव आधी!" आणि उठून सिंकपाशी गेली. नळ उगाच सुरू ठेवला. घर सोडायचं म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. एवढी वर्षं एका गावात, पोर शाळेत रुळलेली.

डंक माझ्याच चौकशा करत होता. गावी, सस्कॅचेवानला, बाबा अजून गहू करतात का. भाऊ मदतीला आहे का. "अकरावीत शाळा सोडलीस ना तू? पुढचं करावंसं वाटतं का कधी?" म्हटलं, वाटतं कधीकधी. "हुशार आहेस तू. संघात स्पेलिंग येणारा एकटाच आहेस." हसलो दोघं. स्वतःवर एवढं कोसळलेलं असताना माझी काळजी करतोय – असा माणूस परत भेटणार नाही.

मला घरी सोडलं. माझ्या दारापाशी गाडी उभी केली, इंजिन चालूच. "यार्म्स –" म्हणाला. काच पुसली हाताने. मग म्हणाला, "उद्या सराव नऊला आहे."

मला रडू येत होतं म्हणून मी पटकन उतरलो. त्याला बोलू द्यायला हवं होतं.

९ मार्च

ठरवलं. डंकला असंच जाऊ द्यायचं नाही. इथे माणसं मंगळवारी सरावाला असतात आणि बुधवारी त्यांच्या खुंटीवरची नावाची पट्टी गेलेली असते, कोणी काही बोलत नाही. सामान सांभाळणाऱ्या एर्नीकडून गोलीची एक कोरी स्टिक मागून घेतली. पांढरी. सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या.

एर्नी म्हणाला, "डंकसाठी?" मी मान हलवली. त्याने पैसे घेतले नाहीत.

१० मार्च

सगळ्यांनी केली सही! डंक फिजिओकडे असताना एकेकाला गाठलं. सोरेन्सनने लिहिलं – "तुझ्यामागे उभं राहायला कोणी असलं की पुढे खेळायची भीती वाटत नाही." सोरेन्सनने! ज्याने आजवर कोणाबद्दल एक गोड शब्द काढलेला नाही. जाडा ट्रेम्ब्ले रडला आणि मग म्हणाला की मार्करच्या वासाने डोळे झोंबतात.

कीगन घुटमळला. "मी परवाच आलोय. मी केली तर चालेल?" म्हटलं, चालेल, एका कडेला कर. कडेला केली, बारीक अक्षरात. पोरगा वाईट नाही. तेच तर.

लायलकडे नाही गेलो.

वरती डंकचं नाव घालायचं आहे, ते शेवटी घालेन. आणि मधोमध, पात्याच्या जरा वर, माझ्यासाठी जागा ठेवलीये. कच्च्या कागदावर लिहून बघतोय. "तुझी जाळी घेतली, माफ कर" – नको. "धन्यवाद" – एवढंच? "तू सांगितल्याप्रमाणे थांबायला शिकेन" – हे बरं आहे. पण शिकेन की शिकलो? अजून शिकलो नाही. खोटं कशाला लिहायचं.

उद्या सरावाआधी देईन. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज नीट येतोय.

११ मार्च

मी.

जाणार तो डंक नाही. मी.

लायल म्हणाला, वरच्यांना पोर हवं, म्हणजे कीगन, आणि पोराला वाढवायला जाणता माणूस हवा. "तू तेवीसचा झालास, यारेम्को. तू आता ना हे, ना ते." मी आणि कीगन, दोघांतला कोणता ठेवू, हे रविवारी डंकलाच विचारलं होतं त्यांनी.

ड्रेसिंग रूममध्ये तो एकटाच होता. स्टिक माझ्या हातात तशीच. म्हटलं, "काय सांगितलंस?"

"खरं ते," म्हणाला. डोळे लाल. "मला सांगता आलं नाही रे, गाडीत."

मग माझ्या हातातली स्टिक घेतली. सगळ्यांचं वाचलं, सावकाश. मार्कर मागितला. वरती माझं नाव घातलं, आणि मी मोकळी ठेवलेल्या जागेत सही केली.

जागा बरोबर पुरली.