गवताची जुनी प्रेस

१४ मार्च १९४८, रविवार

प्रेस आली. गाडीवरून उतरवताना बैल बिचकले, गडीमाणसं ओरडली, सगळा गाव बघायला जमला. मला ते आवडलं नाही. आजकाल कुणी आपल्या दाराकडे बघितलेलं मला आवडत नाही.

ह्यांचा धंदाच हा. गवताच्या गासड्या बांधायच्या जुन्या प्रेस कुठं कुठं पडलेल्या असतात, त्या विकत घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, कुरणवाल्यांना विकायच्या. ही पूर्णेच्या स्टेशनावरच्या एका ठेकेदाराकडून घेतली. तो सगळं आवरून मुंबईला चालला म्हणे. हे खूश आहेत — एवढी चांगली प्रेस एवढ्या स्वस्तात! मी विचारलं, तो का चालला? म्हणाले, “त्याचं त्याला म्हाईत.”

तेच तर.

कासीमभाई लोहार येऊन बघून गेला. लाकडी पेटी चांगली आहे, वरचा लोखंडी पेच वाकलाय. “वैनी, भट्टीत घालून सरळ करतो. नवी वाटंल.” ह्यांनी घेतलेली प्रत्येक प्रेस त्याच्याच हाताखालून जाते. ह्यांच्या बरोबरीचा, एका तालमीतला.

२१ मार्च

प्रेस चालू झाली. पेटीत गवत भरायचं, दोघांनी दांडा फिरवायचा, पेच खाली येतो, गवत दबतं, मग तार बांधायची. कासीमभाईनं पहिली गासडी उचलून ओट्यावर आणून ठेवली. विटेसारखी घट्ट. त्याची बायको हलीमा हसली. म्हणाली, “आता हिच्यावरच बसून चहा प्यायचा.” प्यायलो.

ही प्रेस वाशीमच्या आबासाहेबांना विकायची असं हे म्हणतात. त्यांची निजामाच्या सरहद्दीपलीकडे, वऱ्हाडात मोठी कुरणं आहेत. मी म्हटलं, लवकर विका.

११ एप्रिल

रझाकार आले होते.

घोड्यावर होते, गणवेशात. त्यांचा जमादार खाली उतरून सरळ प्रेसपाशी गेला. काठीनं पेटी वाजवली. पेच कसा फिरतो ते बघितलं. मी आत, दाराच्या फटीतून बघत होते. हे हात जोडून उभे. जमादार म्हणाला, आमच्या घोड्यांना गासड्या लागतील, दर बाजाराला हिंगोलीला पोचत्या करायच्या. आणि काठी प्रेसवर ठेवून — “ये मशीन इधर से हिलना नै.”

ते गेल्यावर हे ओट्यावर बसून राहिले. मी पाणी दिलं. तांब्या तोंडाला लावताना दातांवर वाजला.

२ मे

कासीमभाई आणि हे रोज गासड्या करायलेत. दिवसभर फक्त पेचाचा आवाज.

जमादारानं कासीमभाईला गणवेश देऊ केला होता. तुझ्यासारखा धट्टाकट्टा माणूस भट्टीवर काय करतो म्हणाला. कासीमभाईनं सांगितलं, मला लोखंडच कळतं, दुसरं काही जमायचं नाही. हलीमा मला हे सांगताना मागं वळून वळून बघत होती. आमच्या परसात आम्ही दोघीच होतो.

२० मे

विहिरीवर धुरपताबाई माझ्यापासून लांब उभी राहिली. इतकी वर्षं शेजारी राहते. मी हाक मारली तर म्हणाली, “तुमच्या गवतावर त्यांची घोडी पोसायलीत. तीच घोडी उद्या आमच्या दारात येतील.” घागर अर्धीच भरून गेली.

तिचा भाऊ औंढ्याकडे असतो. त्याचं घर रझाकारांनी जाळलं.

आता दोन्हीकडून भीती. ते आले तर गासड्या मागतील. ते गेले तर गाव विचारील, गासड्या का दिल्या.

९ जून

आबासाहेब स्वतः आले. बैल बघायला आलेल्या व्यापाऱ्यासारखे, डोक्याला मळका पटका. ओळखू आले नाहीत. हिंगोलीच्या वाटेवर माणसं कशी तपासतात ते सांगत होते.

प्रेस ते घेणार. ह्यांना म्हणाले, “ईश्वरअप्पा, ही हितं ठेवणं आता बरं नव्हं. मला कुरणासाठी पायजेच हाय, अन् त्यांनाबी गासड्या मिळायच्या बंद होतील.” मीच आतून विचारलं, प्रेस गेल्यावर मागं राहतील त्यांचं काय? आबासाहेबांनी मान खाली घातली. म्हणाले, “ते मला सांगता येत न्हाई, वैनी.”

खरं बोलले. बरं वाटलं, आणि जास्तच भीती वाटली.

१३ जून

कासीमभाईनं वाट काढली. लाकडी पेटी आहे तिथंच राहू द्यायची. पेच आणि गवत दाबायच्या लोखंडी पाट्या तेवढ्या पाठवायच्या. पेटी आबासाहेब तिकडं सागवानाची करून घेतील, जीव सगळा पेचात आहे. जमादारानं विचारलं तर कासीमभाई सांगणार — पेच तुटला, वितळवून टाकला.

हे म्हणाले, “तुलाच धरतील की.”

“मला तर तसंबी धरत्यात. लोहार म्या हाय. तुटलं म्हणायला माझंच तोंड लागंल.”

मग सरहद्दीच्या नाक्यावरून न्यायचं कुणी? पुरुषाची गाडी भाल्यानं खोचून खोचून बघतात. हलीमानं माझ्याकडे बघितलं.

१५ जून

उद्या जायचं. गाडीत पेच आणि पाट्या, त्यावर कडबा, त्यावर गादी, गादीवर मी. वाशीमला बहिणीकडे बाळंतपणाला चालले असं सांगायचं. हलीमानं जुनी लुगडी गुंडाळून माझ्या पोटावर बांधून बघितली. नीट बसेना, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. लग्नाला बारा वर्षं झाली. ती बांधत होती आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

१८ जून

परत आले. अजून अक्षर वाकडं येतंय.

नाक्यावर दोघं होते. एक म्हातारा करोडगिरीचा, जकात घेणारा शिपाई, एक तरणा रझाकार. आमचा गडी सटवाजी गाडी हाकत होता. त्याचं तोंड असं झालं होतं की बघणाऱ्याला आपोआप संशय यावा. तरण्यानं कडब्यात भाला घातला. गादीच्या अगदी जवळ. लोखंडाला लागला असता तर वाजला असता. मी ओरडले. ठरवून नाही — खरंच ओरडले. पोट धरून आडवी झाले. म्हाताऱ्यानं त्याला दटावलं, “अरे, जच्चगी वाली औरत है. जाने दे.” आणि स्वतः बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारून गाडी पुढं काढली.

पलीकडे गेल्यावर मी लुगडी सोडली आणि रडले. सटवाजी खाली उतरून बैलांच्या पुढं जाऊन उभा राहिला. चांगला माणूस.

आबासाहेबांनी पेच उतरवून घेतला. मला घरात बोलावून जेवायला वाढलं. जेवण गेलं नाही. येताना नाक्यावर दुसरेच होते, रिकामी गाडी बघून सोडली.

२ जुलै

कासीमभाईला चावडीपुढं आणलं.

पेच तुटला, एवढंच तो बोलत राहिला. तुकडे कुठंत? वितळवले. कशाला? विळे केले. कुणाला दिले? पुन्हा तेच, पुन्हा तेच. जमादारानं त्याचा उजवा हात ऐरणीवर ठेवायला लावला. त्याचीच ऐरण, त्याचाच घण.

मी घरातून आवाज ऐकला. पुढं लिहीत नाही.

त्यानं आमचं नाव घेतलं नाही. हे माजघरात कोपऱ्यात बसले होते, कानावर हात ठेवून.

४ जुलै

हलीमाला दूध-हळद नेऊन दिली. कासीमभाई शुद्धीत आहे. हात पानात बांधलाय. मला म्हणाला, “वैनी, पेच नीट पोचला का?”

५ ऑगस्ट

जमादार तीनदा येऊन गेला. रिकाम्या पेटीला लाथ मारतो आणि जातो. ह्यांना झोप नाही, अन्न नाही. वाऱ्यानं कडी वाजली तरी उठून उभे राहतात. आपण वाशीमला निघून जाऊ म्हणतात. मग म्हणतात, वाटेत मारतील.

३ सप्टेंबर, पोळा

बैल धुतले. शिंगं रंगवली नाहीत. कुणीच रंगवली नाहीत.

१४ सप्टेंबर

कालपासून लांबून आवाज येतायत. गडगडाट नव्हे. सटवाजी म्हणतो हिंदुस्थानची फौज सरहद्द ओलांडून आली. दारं बंद करून बसलोय.

१८ सप्टेंबर

निजाम शरण आला. जमादार पळाला, गणवेश ओढ्यात टाकून. लोक रस्त्यावर आहेत, गुलाल कुठून आणला देव जाणे. धुरपताबाई आली, माझ्या हातावर साखर ठेवली आणि रडली. मीही रडले.

भीती गेली असं लिहावं म्हणते. लिहिलं.

२० सप्टेंबर

पलीकडच्या गावातून धूर दिसतोय. कालपासून.

आता रझाकार नाहीत. मग धूर कशाचा, हे सगळ्यांना कळतंय. हलीमा पाण्याला आली नाही. मी तिची घागर भरून नेऊन दिली. दार अगदी थोडं उघडलं. कासीमभाई आत अंधारात बसलेला, डाव्या हातानं दाराचा अडसर धरून.

२१ सप्टेंबर

बाहेरगावची माणसं आलीत. कुऱ्हाडी, भाले. आपल्या गावचेही काही त्यांच्यात मिसळले. चावडीवर सगळ्या बाप्यांना बोलावलं — रझाकारांना मदत कुणी कुणी केली ते सांगा. हे गेले. परत आले तेव्हा तोंड राखेसारखं. एवढंच म्हणाले, “कासीमचं नाव निघालंय.”

मी विचारत बसले नाही. परसातून गेले. हलीमाला माझं लुगडं नेसवलं, दोघांना आणून गवताच्या खोलीत घातलं, दाराशी शेणाची पाटी ठेवली. हे बघत उभे होते. नको म्हणाले नाहीत.

दिवस मावळायच्या आत ते आले. दारात गर्दी. त्यातले निम्मे आवाज माझ्या ओळखीचे, हळदीकुंकवाला ज्यांच्या घरी जाते त्यांचे. मी उंबऱ्यात जाणार होते, तेवढ्यात हे पुढं झाले. “आमच्यात कुणी न्हाई.” कुणीतरी म्हणालं, शपथ घ्या. ह्यांनी गळ्यातलं इष्टलिंग हातात धरलं आणि शपथ घेतली. खोटी. लिंगावर हात ठेवून.

ते गेले. कासीमभाईचं घर जळलं, भट्टीसुद्धा. खोलीत दोघांनी धूर ओळखला असणार.

बारा वर्षांत ह्यांचा इतका अभिमान मला कधी वाटला नाही. पाया पडावं वाटलं. पडले.

२४ सप्टेंबर

फौजेची मोटार हिंगोलीवरून पूर्णेला चालली होती. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. साहेबाला माझी भाषा येईना, मला त्याची. मी कासीमभाईचा हात त्याच्यापुढं धरला. तो बघत राहिला. मग दोघांना वर घ्यायला सांगितलं. पूर्णेपर्यंत सोडतील, तिथून गाडीनं हैदराबादला. हलीमाचा मामा आहे तिकडं.

हलीमा माझं लुगडं परत द्यायला लागली. मी घेतलं नाही.

कासीमभाईनं ह्यांना डाव्या हातानंच मिठी मारली. “अप्पा, तुमी जीव वाचवला.” हे असे रडले, असे रडले की साहेबानंही तोंड फिरवलं. मला वाटलं लहानपणची मैत्री, आतडं तुटणारच.

२६ सप्टेंबर

आज हे बोलले. जेवताना, ताटाकडे बघत. चावडीवर त्यांनी ह्यांनाच विचारलं होतं — गासड्या तुझ्या प्रेसवर झाल्या ना?

“मला वढून न्यायले होते. म्या म्हणलो, प्रेस माझी, पण चालवायचा कासीम. त्याला विचारा.”

माझ्या हातावर भाकरी होती. ती थापली, तव्यावर टाकली, उलटली, वाढली. त्यांनी खाल्ली.

आता ते ओट्यावर बसलेत. मी आत आहे. मधे दार उघडंच आहे, आणि मला बाहेर जायची भीती वाटते. आजवर कुणाकुणाची भीती लिहिली. ह्यांची कधी लिहिली नव्हती.