बस, हलू नको

अप्पा,

'प्रिय' लिहायचं विसरले नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही.

आज मी तुमच्या खड्ड्यात उतरले. गॅरेजच्या मधोमध तुम्ही खणून घेतलेला, ऑइलचा वास मारणारा तो खड्डा. तुम्ही असताना मला त्याच्या काठावर उभं राहायचीही परवानगी नव्हती. तुम्ही गेलात, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि आठवड्याच्या आत मी खाली होते. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच कळवावं म्हणून लिहितेय.

कार्यक्रमात लोक तुमच्याबद्दल काय काय बोलले! भवानी पेठेतले झाडून सगळे गाडीवाले आले होते. होटगीचे रेल्वेतले काका तर माईक सोडायला तयार नव्हते. अप्पांचा हात लागला की गाडीचा आवाज बंद, असं तीनतीनदा म्हणाले. मग कुणीतरी सुचवलं, आता मुलगी दोन शब्द बोलेल. मी मानेनंच नको म्हटलं. लोकांना वाटलं, कंठ दाटून आलाय. कसला दाटलाय! मी तोंड उघडलं असतं तर आईला मान खाली घालावी लागली असती, म्हणून गप्प बसले. ते दोन शब्द इथं लिहिते.

बस. हलू नको.

तुम्ही मला उद्देशून जन्मभरात जे बोललात ते सगळं गोळा केलं, तर बहुतेक एवढंच हाती लागेल.

गाडीच्या पुढच्या चाकांना धरून ठेवणारे आर्म काढून पुन्हा बसवले, की त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत, हा तुमचा नियम. जॅकवर चाकं खाली लोंबतात. तशात बोल्ट आवळला की आतला रबरी बुश त्याच लोंबत्या जागी जखडतो. मग गाडी जमिनीवर आली की तो पिळला जातो, पिळलेलाच राहतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक गचक्याला आणखी पीळ खाऊन लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी नुसता हातानं लावायचा, गाडी तिच्या चाकांवर खड्ड्यावर आणायची, बॉनेट दाबून दाबून तिला नीट बसू द्यायची आणि मगच खालून आवळायचं. एवढ्यावरही तुमचं भागायचं नाही. "गाडी रिकामी कधी पळती का?" असं म्हणून तुम्ही पुढच्या सीटवर माणसं बसवायचात. ती माणसं म्हणजे मी आणि आई.

आईनं जन्मभरातली निम्मी मेथी लोकांच्या गाड्यांत निवडली. मी ड्रायव्हरच्या सीटवर, पाय पॅडलपर्यंत न पोचणारे. वर पत्र्याचं छप्पर, बाहेर सोलापूरचा उन्हाळा. काचा खाली केल्या तरी आत भाजून निघायचं आणि नाकावर माशी बसली तरी हात उचलायचा नाही. शाळेतल्या मुली रस्त्यानं जाताना बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी विचारायच्या, आज कुठली गाडी घेतली गं? मी कशासाठी बसलेय हे त्यांना काय सांगणार? तुम्ही मला तरी कुठं सांगितलं होतंत! ते मला आईकडून कळलं, तेही किती उशिरा. तोवर मला वाटायचं, ही कसलीतरी शिक्षा आहे आणि आपण काय केलं तेच आपल्याला आठवत नाही.

काम संपलं की तुम्ही पान्याच्या टोकानं गाडीला खालून दोनदा ठोकायचात. म्हणजे उतरा. मग मी आणि आई दोन्हीकडची दारं उघडून उतरायचो.

आणि तुमचा लेक सुमेध? माझ्यापेक्षा धाकटा, पण तो खाली तुमच्याजवळ. पाना त्याच्या हातात, उजेडाची बॅटरी त्याच्या हातात. त्या वासानं त्याला मळमळायचं, कधी कधी रडायचासुद्धा, तरी न्यायचं त्यालाच. मी एकदा विचारलं, अप्पा, मी येऊ खाली? तर म्हणालात, "तू वरच बरी." का बरी, हे विचारायची सोय नव्हती. पाना कसा धरायचा ते मला शेवटी आयटीआयच्या सरांनी शिकवलं. चिंचोळी एमआयडीसीत आज मी दिवसभर बोल्टच तपासते. तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, पोरगी कंपनीत हाय. कंपनीत काय करते, हे तुमच्या तोंडून कधी निघालं नाही. जीभ जड व्हायची का?

आता त्या रविवारचं. तुमचे गुडघे गेले होते. तुम्ही दारात खुर्ची टाकून बसायचात आणि काम सुमेध करायचा. होटगीच्या काकांची पांढरी गाडी जॅकवर होती. खड्ड्यात उतरायचा कंटाळा म्हणून सुमेध चाकं लोंबत असतानाच आर्मचे बोल्ट करकचून आवळत होता. तेवढ्यानं भागलं नाही. वळणावर गाडी कलू नये म्हणून पुढं आडवा स्टॅबिलायझरचा दांडा असतो ना, त्याच्या रबराची कुरकुर बंद करायला तो साधं ग्रीस बोटानं थापत होता. साध्या ग्रीसनं रबर फुगतं, मऊ पडतं, हे तुम्ही गिऱ्हाइकांना किती वेळा ऐकवलंय! सिलिकॉन ग्रीसची ट्यूब तुम्ही कपाटात औषधासारखी जपून ठेवायचात. आणि त्या दिवशी तुम्ही समोर बसून सगळं बघत होतात. गुडघे गेले होते, डोळे नव्हते गेले.

मी सुमेधला म्हटलं, आधी गाडी खाली घे. काका गाडी सोडून गेले होते, पण दुसरं एक गिऱ्हाईक तिथंच उभं होतं. तुम्ही सुमेधकडं वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. माझ्याकडं बघून म्हणालात, "सुजा, तुला कुणी इचारलंय का? जा, आत जाऊन बस."

लहानपणी गाडीत बस, आता घरात बस. मी घरात गेले नाही. चप्पल घातली आणि निघाले. त्यानंतर तुम्ही फोन केला नाहीत. मीही केला नाही, पण हे पत्र तुमच्याबद्दल आहे. मग एकदम दवाखान्यातून सुमेधचा फोन आला आणि मी पोचेपर्यंत तुम्ही भांडण अर्धवट टाकून निघून गेला होतात. ही कुठली रीत?

सीटवर बसवल्याचा राग आहेच, पण तो एवढा नाही. खरा राग याचा आहे, की बरोबर काय ते तुम्हाला माहीत होतं. मलाही ते माहीत आहे, हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही तसली गाडी आपल्या नावावर जाऊ दिलीत, पण पोरगी बरोबर बोलतेय एवढं म्हणाला नाहीत. रबराला पीळ पडू नये म्हणून घरच्या बायकांना उन्हाळ्यात भाजत ठेवणारा माणूस पोराला एक शब्द बोलू शकला नाही! मग आम्ही कशासाठी भाजलो?

काल सुमेधचा फोन आला. म्हणाला, अक्का, होटगीची गाडी परत आलीय, पुढं खाडखाड वाजतंय. तू एवढी बघ, त्यानंतर मी गॅरेज टॉवेलच्या गोडाऊनला भाड्यानं देऊन टाकतो. खड्डा तेच लोक बुजवून घेणार आहेत.

खड्डा बुजवणार म्हटल्यावर मी लगेच म्हटलं, उद्याच येते. एवढी घाई का, ते मला विचारू नका.

आज कंपनीला सुट्टी होती. सकाळीच गेले. काका गाडीजवळ उभे. मला म्हणाले, "पोरी, अप्पांनी आवळलेलं बोल्ट हायेत हे. त्येंचा हात लागल्यावर आवाज कसा काय येतूय?" सुमेध जमिनीकडं बघत होता. आई दारात उभी होती. मला बोलायचं नव्हतं, पण बोलले.

"काका, हे बोल्ट अप्पांनी आवळलेले नाहीत. अप्पांनी नुसते बघितलेत."

काकांनी सुमेधकडं बघितलं. आईनं मान खाली घातली नाही, हेही तुम्हाला कळवते.

आर्मचे बुश फाटले होते. दांड्याचं रबर फुगून बेढब झालं होतं. मी दांडा पुसून कोरडा केला, नवीन रबराला आतून तुमच्या त्या ट्यूबमधलं ग्रीस पातळ लावलं. आर्ममध्ये नवीन बुश घालून बोल्ट नुसते हातानं लावले, गाडी चाकांवर खड्ड्यावर आणली, बॉनेट दाबून बसवली. आता माणसं हवी होती. आई न बोलावताच आली, मेथीची जुडी घेऊन, आणि नेहमीच्या सीटवर बसली. मी सुमेधला म्हटलं, ड्रायव्हरच्या सीटवर बस.

तो घुटमळला. म्हणाला, "अक्का, मी हलतो की. अप्पा म्हणायचे, सुजा बसली की गाडी दगडावानी ऱ्हाती, तू बसलास तर झुलंल. म्हणून तर मला खाली न्यायचे."

म्हणजे हे कौतुक होतं! आणि ते तुम्ही त्याला सांगितलंत, मला नाही. मला वाटलं, हे ऐकून मी विरघळेन. उलट आणखी चिडले. मी नीट बसायची म्हणून मला पाना नाही आणि तो चुळबुळ करायचा म्हणून पाना त्याला? ही कसली वाटणी, अप्पा?

मी खाली उतरले. वर बघितलं. गाडीचं पोट, दांडा, चिखल, सायलेन्सर. सीट दिसत नाही आणि सीटवरचं माणूस तर नाहीच. लहानपणी मला वाटायचं, तुम्ही खालून माझ्याकडं बघताय. म्हणून मी श्वाससुद्धा जपून घ्यायचे. तुम्हाला मी दिसतच नव्हते.

बोल्ट आवळले, एकेक करून, किती आवळलं ते मोजून दाखवणाऱ्या माझ्या स्वतःच्या टॉर्क पान्यानं. मग माझा हात आपोआप वर गेला आणि मी दोनदा ठोकलं. आईच्या बाजूचं दार उघडलं, ती उतरली. सुमेध बसूनच. मी पुन्हा ठोकलं, तरी तो बसूनच. खालून त्यानं तो आवाज कितीदा ऐकला असेल, पण तो वर बसलेल्यांसाठी असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो कधी वर बसलाच नव्हता.

मग मी हाक मारली, "सुमेध, झालं. उतर."

तो लगेच उतरला.

काका होटगी रोडवर गाडी पिटाळून परत आले. आवाज नव्हता. ते काही म्हणायच्या आत मी सुमेधला सांगितलं, टॉवेलवाल्यांना नाही म्हणून कळव. गॅरेज मी बघते, सध्या सुट्टीच्या दिवशी, पुढचं पुढं. त्यानं वाद घातला नाही. सुटल्यासारखा दिसला.

तेव्हा अप्पा, शब्द देते. तुमचा नियम मी पाळीन. तुमचा आहे म्हणून नाही, बरोबर आहे म्हणून. माझ्या गॅरेजात चाकं लोंबत असताना कुणी बोल्ट आवळणार नाही. सीटवर ज्याला बसवीन त्याला आधी खड्ड्यात नेऊन दाखवीन, तो कशासाठी बसतोय ते. आणि काम संपल्यावर ठोकणार नाही, नाव घेऊन हाक मारीन.

एवढ्या वर्षांत एकदा, फक्त एकदा खालून "सुजा, झालं, उतर" म्हणाला असतात, तर या पत्रावर 'प्रिय' लिहिलं असतं.

सुजाता