पूर्वेकडचं दार

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सात मिनिटं! विमा कंपनीच्या आत पूर्ण सात मिनिटं, आणि कुणी हटकलं नाही. कंपनीनंच आम्हाला नेमलंय — आमच्याकडे घुसून दाखवा आणि भोकं कुठे आहेत ते सांगा. बाकीचे संगणकातून घुसतात, मी दारातून. पोटाला उशी, आठवा महिना, कमरेवर हात. पूर्वेच्या दारावरचा म्हातारा रखवालदार स्वतःची खुर्ची सोडून उठला. 'ताई, आधी बसा.' पाणी दिलं. बाथरूमला जायचंय म्हटल्यावर आपल्याच कार्डानं दार उघडून दिलं. आत रिकाम्या टेबलावरच्या संगणकाला, शिरल्याचा पुरावा म्हणून, आमची छोटी डबी जोडली, फोटो काढला, बाहेर. वर त्यानं टॅक्सीही थांबवून दिली. टॅक्सीत मला हसू आवरेना.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अहवाल दिला. साहेबांचा नियम पाळला — माणसाचं नाव लिहायचं नाही, चूक लिहायची. मी लिहिलं: 'पूर्वेच्या दारावर ओळख न तपासता प्रवेश.' साहेब खूश. म्हणाले, तू या क्षेत्रात लांबचा पल्ला गाठणार.

गुरुवार, २० फेब्रुवारी

कॉलेजात भाषणाचं आमंत्रण. विषय: माहितीच्या सुरक्षेत टिकाऊ आणि समाधानाचं करिअर. आईनं लगेच मावशीला फोन केला. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते असं आईला अजून वाटतं.

सोमवार, १० मार्च

विमा कंपनीत फेरतपासणीला गेले. पूर्वेच्या दारावर नवा माणूस. आधीचे काका कुठे, विचारलं. 'त्यांना काढलं. त्यांच्या दारातून कुणी तरी घुसलं म्हणे. कोण, ते कुणी सांगत नाही.'

त्या दारावर एकच माणूस असतो. नाव न लिहिता मी त्याचंच नाव लिहिलं होतं. हे आधी लक्षात कसं आलं नाही? आलं असतं तरी तेच लिहिलं असतं, हे जास्त लागतंय.

मंगळवार, ११ मार्च

साहेबांना म्हटलं, कंपनीला कळवू या — चूक माणसाची नाही, व्यवस्थेची आहे. आल्यागेल्यासाठी दाराबाहेर साधं बाथरूम नाही! साहेब म्हणाले, 'अहवाल गेला. आता हळवी होऊ नकोस.' तरी मी स्वतः पत्र पाठवलं. एका ओळीचं उत्तर आलं: जागा भरली आहे.

शनिवार, २२ मार्च

नव्या रखवालदाराकडून पत्ता घेतला. सगळं सांगायचं ठरवूनच गेले. दुसरा मजला, अरुंद जिना. काकांनी दारातच ओळखलं. आधी पोटाकडे पाहिलं, मग त्यांचा चेहरा उजळला. 'मोकळ्या झालात? काय झालं?'

'मुलगी,' मी म्हटलं. निघून गेलं तोंडातून! कामातलं खोटं मला पचतं. हे कामातलं नव्हतं.

त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, 'त्या दिवशी कोण घुसलं, किती डोकं खाजवलं तरी आठवत नाही हो. तुम्ही तिथेच बसला होतात. कुणाला आत जाताना पाहिलंत का?'

नाही म्हटलं. पुढ्यातला पाण्याचा पेला तसाच ठेवून निघाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःची इतकी शिसारी यापूर्वी कधी आली नव्हती.

शुक्रवार, २८ मार्च

भाषण झालं. टाळ्या. शेवटी एका मुलीनं विचारलं, 'या कामात खरंच समाधान मिळतं का?' खूप, म्हटलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

रविवार, ३० मार्च

काकांकडे परत गेले. उभ्याउभ्याच सांगून टाकलं — घुसलेली मीच, पोटावर उशी होती.

काकांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, 'म्हणजे बाळ नाहीच?'