सरलाकाकूंची सोनोग्राफी

अर्विंग, टेक्सस
गुरुवार, २२ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप सरलाकाकूंना,
गिरिजाचा वाकून नमस्कार.

ओळख पटली ना? तुमच्या पोटाची सोनोग्राफी केली ती, आणि परवा दुकानात भेंडी निवडताना भेटलेली तीही मीच. उन्हाचं विचारू नका, अजून चाळीस डिग्री आहे. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात निदान संध्याकाळी शेजारीपाजारी जाता येतं, असं तुम्ही म्हणालात ते खरंच. इथं गाडीशिवाय कोपऱ्यापर्यंत जायची सोय नाही. चार महिने खिडकीतून पार्किंग बघत काढलेत तुम्ही. शनिवारी सुटाल. मी नऊ वर्षं इथंच अडकलेय.

ताप पुन्हा आला का? थंडी वाजून येत असेल तर अंगावर काढू नका. हे मी उगाच रीत म्हणून विचारत नाहीये.

तुम्हाला मी इथली टेक्निशियन वाटले. आहेच. पण नागपूरला एम.डी. झाल्यावर सहा वर्षं मी स्वतःच्या सहीनं रिपोर्ट देत होते. आपल्याकडे पोटावर फिरवायचा तो प्रोब डॉक्टरच हातात धरतो, पडद्यावर बघतो आणि निदान करतो. इथं माझ्यासारखी बाई तपासते, फोटो काढते, आणि दुसऱ्या इमारतीत बसलेले डॉक्टर ते फोटो बघून रिपोर्ट लिहितात. काय दिसलं ते पेशंटला सांगायची मला बंदी आहे. जुलैत एका आजोबांना मी पित्ताशयात खडे आहेत असं म्हणाले, तर लेखी समज मिळाली. पुन्हा बोललात तर नोकरी जाईल, असं अगदी गोड भाषेत लिहिलंय.

म्हणून तुम्ही "काय दिसतंय गं?" विचारलंत, तेव्हा मी "डॉक्टर सांगतील" म्हणून मोकळी झाले. मग गप्पा मारल्यासारखं विचारलं, तळ्यातलं काही कच्चं खाता का. तुम्ही हसलात. "कोवळे शिंगाडे कोण शिजवत बसतं? दातांनी सोलायचे न् खायचे."

काकू, तुमच्या पित्ताच्या नळीत एक चपटं, पानाच्या आकाराचं काहीतरी होतं, आणि ते सरकलं. माझा हात स्थिर होता, तुम्ही श्वास रोखला होता. गुरांच्या, शेळ्यांच्या यकृतात होतो तो कृमी. पाण्यातल्या वनस्पतींना चिकटून माणसाच्या पोटात जातो. नागपूरला मी असे दोन पेशंट पाहिले होते.

आता जे लिहायला चार कागद फाडले ते लिहिते. यंत्रावर व्हिडिओचं बटण असतं. मी ते दाबलं नाही. व्हिडिओ कशाला घेतला, असं डॉक्टरांनी विचारलं असतं, मग मला मत द्यावं लागलं असतं, आणि टेक्निशियननं मत दिलेलं त्यांना खपत नाही. याच डॉक्टरांनी मला इथं पुन्हा डॉक्टर होण्यासाठी शिफारसपत्र द्यायचं कबूल केलंय. त्या एका कागदासाठी मी तोंड शिवून बसले. फोटो काढले, पाठवून दिले. फोटोत काही हलत नाही.

परवा दुकानात तुम्ही भाजी घेत होतात, तेव्हा तुमच्या राजसनं मला बाजूला घेतलं. "रिपोर्टमध्ये ट्यूमर आलाय. कॅन्सरच असणार म्हणतात. पुढच्या टेस्ट्स मी कॅन्सल केल्या. आईचे हाल कशाला? तिकडे आपल्या माणसांत राहू दे तिला. प्लीज, तिला यातलं काही बोलू नका." त्याचे डोळे भरून आले होते. आणि मी नुसती मान हलवली. घरी येताना मला माझी लाज वाटत होती.

कॅन्सर हा शब्द तुम्हाला माझ्या पत्रातून कळतोय, माफ करा. राजसवर रागावू नका. त्यानं मायेपोटी लपवलं, मी स्वतःसाठी.

माझंही चुकत असेल. पण गाठ अशी सरकत नाही, एवढं मला नक्की कळतं. कृमी असेल तर दोन दिवसांच्या गोळ्यांचं काम आहे. मात्र नळी तुंबून ताप चढला तर जिवावर बेतेल, म्हणून शनिवारचं विमान रद्द करा.

आज दुपारी राजस ऑफिसात असताना हे पत्र तुमच्या हातात देईन. तो आला की त्याला वाचून दाखवा आणि आजच दवाखान्यात जा. पत्र दिल्यावर मी डॉक्टरांकडे जाऊन हेच सांगणार आहे. क्रम मुद्दाम असा ठेवलाय, कारण मी स्वतःला ओळखते. आधी तिकडे गेले तर गप्प बसून परत येईन.

जो कोणी तपासेल त्याला सांगा, नळीवर प्रोब धरून मिनिटभर नुसतं बघत राहा. असं कोण म्हणालं, असं विचारतील. माझं नाव सांगा. मला सांभाळून घेऊ नका.

जिनं त्याच दिवशी बोलायला हवं होतं ती,
डॉ. गिरिजा अवधूत पांढरीपांडे