दादाच्या डोंगरवाटा

शनिवार, २१ सप्टेंबर २०२४

अठरा किलोमीटर. एकटी. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडाच्या दिशेने सात टेकड्या, आणि तिथून परत.

गवत कमरेइतकं वाढलंय. पाचव्या टेकडीनंतर वाटच दिसेना. दादाला फोन लावला. तो या वेळी डायलिसिसच्या खाटेवर असतो — मंगळवार, गुरुवार, शनिवार, सात ते अकरा, तीन वर्षं झाली. एक हात मशीनला, दुसऱ्यात फोन.

"समोर काय दिसतंय?"

म्हटलं, गवत.

"आमू, गवत मलाही दिसतंय खिडकीतून. झाड सांग."

खडकाला टेकलेला एक उंबर होता.

"त्याच्या डाव्या अंगाने उतर. उजवीकडची वाट गुरांची आहे, पुढे कड्यावर संपते."

बरोबर निघालं. कॉलेजात असताना महिन्यातून दोनदा हे डोंगर तुडवायचा तो. तेव्हा त्याच्या बुटांचा चिखल बघून नाक मुरडायचे मी. आता त्याच वाटा मी पळते आणि तो पडल्या पडल्या सांगतो.

मंगळवार, २४ सप्टेंबर

डिसेंबरातल्या शर्यतीत नाव दिलंय हे कळल्यावर ऑफिसात ऋतिकाने विचारलं, "मॅडम, पन्नास किलोमीटर? डोंगरात? कशाला पण?"

नंतर सांगते म्हटलं. इथे लिहून बघते.

सुरुवात वजनापासून झाली. दादाला किडनी द्यायची तर बारा किलो कमी करा, असं डॉक्टर म्हणाले होते. वहिनीला शुगर, आई-बाबा नाहीत, म्हणजे उरले मी. वेताळ टेकडीवर चालायला लागले. मग चालता चालता पळायला. नऊ महिन्यांत चौदा किलो उतरवले. सगळ्या तपासण्या झाल्या, आणि शेवटच्या तपासणीत कळलं की माझी किडनी त्याचं शरीर स्वीकारणार नाही.

त्या दिवशी रिक्षात दादाच मला समजावत होता. "बरंच झालं. तुझी किडनी म्हणजे सतत बोलत राहिली असती."

त्याचं नाव प्रतीक्षायादीत लागलं. मी पळत राहिले. का, ते मात्र लिहूनही कळलं नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

पडले. उतारावर सुटा मुरूम होता, डावा घोटा मुरगळला. आसपास कोणी नाही. दादाला फोन केला तर म्हणाला, "बूट काढू नकोस, सुजेल. खाली उजव्या हाताला वस्ती आहे. होती तरी, माझ्या वेळी."

अजून आहे. तासभर लंगडत पोचले. द्वारकाबाई म्हणून एक आजी अंगणात शेंगा निवडत होत्या. "एकटीच हायस? मागं कोन लागलंय का काय?" म्हणाल्या. पळायचा सराव करते म्हटल्यावर शांतपणे शेंगा बाजूला ठेवल्या, जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि घोटा इतका घट्ट बांधला की डोळ्यांत पाणी आलं. भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. त्यांच्या नातसुनेने स्कूटीवरून रस्त्यापर्यंत सोडलं.

दादाला हे सगळं सांगितलं. भाकरीबरोबर काय होतं, हे त्याने दोनदा विचारलं. मिठाचं पथ्य आहे त्याला. ठेचा होता, हे मी सांगितलं नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

तीन आठवडे सक्तीची विश्रांती. चिडचिड.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

सकाळी सहाला वहिनीचा फोन — किडनी मिळतेय, लगेच ये! मंगळवार पेठेतून दादाला घेऊन हॉस्पिटलात पोचलो. तो यादीत दुसरा होता. पहिल्याची तपासणी जुळली. दुपारी आम्ही तिघं परत आलो.

रिक्षात तोच म्हणाला, "राखीव खेळाडूलाही चहा देतात. इथे तेवढाही नाही."

वहिनी हसली. मग तिने पदर डोळ्यांना लावला.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आज भांडण झालं. घोटा बरा आहे, चोवीस किलोमीटर झाले, म्हणून मी खुशीत होते. फोनवर म्हटलं, शर्यतीच्या दिवशी टी-शर्टवर पाठीमागे तुझं नाव छापून घेणार आहे.

"माझं नाव पाठीवर घ्यायला मी मेलोय का?"

मी काही म्हणायच्या आत तोच पुढे बोलला.

"किडनी देता आली नाही म्हणून पळतेस तू. शिक्षा भोगल्यासारखी. त्याचं ओझं मला होतं, आमू. मशीनचं होत नाही एवढं."

फोन ठेवून दिला त्याने. बोपदेव घाटाच्या बाजूला ढग उतरले होते. मी तिथेच दगडावर बसून राहिले.

शनिवार, १६ नोव्हेंबर

दादाला फोन न करता गेले. एक वाट चुकले, परत वर चढले, दुसरी शोधली. अकराव्या टेकडीवर वारा असा लागला की हात पसरून पळत सुटले. बेचाळीस वर्षांची बाई, मुद्रांक कार्यालयातली वरिष्ठ लिपिक. कोणी बघायला नव्हतं ते बरं.

तिथे डोक्यात दादा नव्हता. किडनी नव्हती. काहीच नव्हतं.

रविवार, १७ नोव्हेंबर

सकाळीच त्याच्या घरी गेले. दारातच सांगून टाकलं, "मला आवडतं म्हणून पळते. तुझ्यासाठी नाही."

त्याने पेपर खाली केला. "हे आधी सांगायचं होतंस. वर्षभर उगाच भारावून राहिलो मी."

मग म्हणाला, "बस. नकाशा आण शर्यतीचा."

शुक्रवार, ६ डिसेंबर

पळाले नाही. पांढरी साडी. सकाळी दादा-वहिनीबरोबर विहारात.

शनिवार, १४ डिसेंबर

मुळशीकडे एका शाळेत मुक्काम. उद्या सहाला सुरुवात. पन्नास किलोमीटर, अकरा तासांची मुदत. टी-शर्ट कोरा.

रविवार, १५ डिसेंबर

पोचले. दहा तास एक्केचाळीस मिनिटं! अक्षर कसंही येतंय.

पावणेसहाला दादाचा फोन आला होता. "पहिला चढ चालत जा. तिथे पळणारे नंतर उलट्या करतात." चालत गेले. तरी चौतिसाव्या किलोमीटरला उलटी झालीच. एका बांधावर बसले. पुढचा चढ बघवेना. पाय म्हणत होते, झालं. दादाला फोन लावला, उचलला नाही. वहिनीनेही नाही. पुन्हा लावला. नाही.

मग फोन पिशवीत टाकला. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्यायले, उठले आणि शंभर पावलं मोजली. मग आणखी शंभर. माथ्यावर गेल्यावर उतार दिसला आणि मी पळायला लागले.

दोघं अजून फोन उचलत नाहीत. दादाच्या शेजारच्या गोपाळकृष्ण काकांना लावला तर म्हणाले, "तू आधी जेवून घे." एवढंच.

सोमवार, १६ डिसेंबर

काल पहाटे साडेचारला दादाला हॉस्पिटलचा फोन आला होता. या वेळी यादीत पहिला तो. माझ्याशी चढाबद्दल बोलला तेव्हा ॲडमिट झालेला होता. वहिनीला आणि काकांना त्याने बजावलं होतं — आमूला कळवायचं नाही, ती परत फिरेल. मी बांधावर बसून फोन लावत होते तेव्हा त्याचं ऑपरेशन चालू होतं.

किडनी काम करतेय.

आत सोडत नाहीत. काचेतून बघितलं. त्याने बोटं हलवून विचारलं — किती वेळ लागला? मी दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग चार, मग एक.

त्याने नापसंतीने मान हलवली. हळू पळालीस.