दारं आहेत तिथेच

प्रिय दादा,

आपल्या बाथरूममुळे खालच्यांचं छत गळतंय. फरशी उखडायची, म्हणजे भाडेकरू बाईंना घर रिकामं करावं लागणार. तू म्हणालास, "आयती संधी आहे. त्यांना परत घेऊच नकोस, घर विकून टाकू." तेच सांगायला मी गेले.

बाईंना दिसत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या बॅग भरून बसल्या होत्या.

"काम होईपर्यंत भाचीकडे राहते," त्या म्हणाल्या. "फक्त दारं आहेत तिथेच राहू द्या. हे घर मला हातांनी पाठ आहे."

मी त्यांची बॅग उचलली. म्हटलं, "भाचीकडे कशाला? माझ्याकडे चला."

आता त्या माझ्याकडे मटार सोलत बसल्यात. फोनवर तुझ्यापुढे माझं काही चालत नाही, म्हणून लिहितेय. पाठवायचा धीर होईलसं वाटत नाही. पण फरशी बसली की किल्ली त्यांच्याच हातात देणार आहे.

तुझी धाकटी